पुनर्मृत्यूचें भय

कांहीं वर्षांपूर्वीं एका परिचित कुटुंबांत समाचाराला जाण्याचा प्रसंग माझ्यावर आला. घरांतील आठ वर्षांचा मुलगा चार दिवसांच्या तापानें गेला होता. त्याची आई माजघरांत भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते. जमलेल्या मंडळींत एक वयोवृद्ध, बहुश्रुत आणि खरोखर प्रेमळ असे गृहस्थ होते. ते तिला म्हणाले, "पोरी, मागल्या जन्मीचें कोणाचें तरी देणें राहिलें असेल, तें फिटलें म्हणायचें. कर्म कोणाला चुकलें आहे?" तिनें मान वर केली नाहीं. थोड्या वेळानें मात्र शेजारीं बसलेल्या थोरल्या बहिणीला तिनें अगदीं हलक्या आवाजांत विचारलें, "म्हणजे ताई, मींच कांहीं केलें होतें का ग?"

तो प्रश्न माझ्या मनांतून अजून गेलेला नाहीं. सांत्वनासाठीं म्हणून जें वाक्य उच्चारलें गेलें, त्यानें त्या बाईच्या दुःखांत अपराधाची भर घातली. वाक्य बोलणाराचा हेतु वाईट नव्हता, आणि वाक्यहि त्यांचें स्वतःचें नव्हतें. तें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बोललें जात आहे. कर्माचा सिद्धान्त खरा कीं खोटा, हें ठरविणें इतिहासाचें काम नव्हे. तो कोणत्या भयांतून निघाला, कोणीं कोणाला सांगितला आणि कोणत्या स्वरांत सांगितला, एवढेंच इतिहास पाहूं शकतो. पण तेवढ्यानेंहि पुष्कळ उलगडा होतो, असें मला वाटतें.

ऋग्वेदकालीन माणसाला मृत्यूचें भय नव्हतें असें नाहीं. शंभर शरद ऋतु पाहावयास मिळावेत ही त्याची मागणी होती. अकालीं येणारें मरण त्याला नको होतें. परंतु मरणानंतरचा लोक त्याला फारसा भयंकर वाटत नसे. दहाव्या मंडलांत अंत्यविधीचीं सूक्तें आहेत. त्यांत यम हा मर्त्यांपैकीं त्या वाटेनें गेलेला पहिला पुरुष. त्यानें वाट शोधून ठेवली आणि मागून जाणारे आपल्या पितरांना जाऊन मिळतात. पुनर्जन्माची व्यवस्थित कल्पना तेथें आढळत नाहीं. मरण एकदां यावयाचें, तें उशिरा यावें, एवढीच चिंता.

ब्राह्मणग्रंथांच्या काळीं ही निश्चिंती ढळलेली दिसते. यज्ञानें मिळविलेला परलोक अक्षय आहे कशावरून? पुण्याची शिदोरी सरली तर पुढें काय? मग त्या लोकांतहि पुन्हां मरण येणार! या दुसऱ्या मरणाला त्या ग्रंथांनीं 'पुनर्मृत्यु' असें नांव दिलें. शतपथ ब्राह्मणांत हा शब्द येतो, आणि अमुक एक विधि जाणणारा पुनर्मृत्यूला जिंकतो, असें आश्वासनहि त्याच्या पाठोपाठ येतें. आपल्या विचाराच्या इतिहासांत या शब्दाइतके महत्त्वाचे शब्द थोडेच असतील. पुन्हां जगावयास मिळेल या आशेपेक्षां पुन्हां मरावें लागेल या धास्तीनेंच पुढील सगळा विचार अधिक चाळवला गेला. हल्लीं कोणी कोणी पुनर्जन्म म्हणजे दुसरी संधि असें समजून मोठ्या हौसेनें त्या कल्पनेचा स्वीकार करतात. त्यांची या शब्दाशीं एकदां गांठ घालून दिली पाहिजे.

या धास्तीवरचें उत्तर कसें बदलत गेलें, हें एकाच कथेच्या दोन पाठांवरून फार चांगलें दिसतें. नचिकेताची गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांना कठोपनिषदांतून ठाऊक असते. परंतु ती त्याच्या आधीं तैत्तिरीय ब्राह्मणांत आलेली आहे, आणि दोन्ही पाठ शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्यासारखे आहेत. दोहोंकडे बाप यज्ञांत सर्वस्व देऊन टाकतो, दोहोंकडे मुलगा आपल्याला कोणाला देणार म्हणून पिच्छा पुरवतो, आणि दोहोंकडे बाप रागाच्या भरांत त्याला मृत्यूच्या स्वाधीन करतो. ब्राह्मणांतील पाठांत एक अदृश्य वाणी त्या मुलाला युक्ति शिकवते. यम घरीं नसतांना तेथें जा, तीन रात्री उपाशी राहा, आणि काय खाल्लेंस असें त्यानें विचारलें तर पहिल्या रात्रीं तुझी प्रजा, दुसऱ्या रात्रीं तुझे पशु आणि तिसऱ्या रात्रीं तुझें सुकृत खाल्लें, असें सांग. अतिथि उपाशी राहिला म्हणजे यजमानाचें काय काय बुडतें, याचा हा हिशेब आहे. प्रत्यक्ष यमालाहि आपलें पुण्य बुडण्याची भीति वाटावी, ही त्या काळच्या मनाची मोठी मौजेची साक्ष होय.

घाबरलेला यम तीन वर देतो. ब्राह्मणांतील नचिकेता पहिल्या वरानें बापाकडे जिवंत परत जाणें मागतो, दुसऱ्यानें आपलीं यज्ञकर्में व दानें क्षीण होऊं नयेत असें मागतो, आणि तिसऱ्यानें पुनर्मृत्यूला जिंकण्याचा उपाय विचारतो. यम त्याला एका विशिष्ट अग्नीची रचना शिकवतो; विटांची वेदी नीट बांधली कीं काम झालें. कठोपनिषदांत हाच अग्नि दुसऱ्या वरांत सरकला आहे. तिसरी जागा रिकामी झाली, आणि तेथें एक नवा प्रश्न येऊन बसला: मेलेला माणूस असतो कीं नसतो? या प्रश्नावर यम एकदम उत्तर देत नाहीं. तो मुलाला हत्ती, घोडे, सोनें, पुत्रपौत्र, वाटेल तेवढें आयुष्य देऊं करतो आणि हें एक सोडून दुसरें कांहींहि माग म्हणतो. मुलगा हटत नाहीं, तेव्हां कोठें आत्म्याचा विषय निघतो. जुन्या कथेची मोडतोड न करतां उपनिषत्कारांनीं केवळ एक वर हलवला, आणि मरण कसें टाळावें या प्रश्नाच्या जागीं मरतो तो कोण, हा प्रश्न आणून ठेवला.

आतां आपण कर्माकडे येऊं. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायांत विदेहाच्या जनकराजानें यज्ञ मांडला आहे. कुरुपांचाल देशांतून विद्वान् ब्राह्मण जमले आहेत, आणि सर्वश्रेष्ठ ब्रह्मवेत्त्यासाठीं शिंगांना सोनें बांधलेल्या हजार गाई उभ्या आहेत. याज्ञवल्क्य वाद सुरू होण्याच्या आधींच आपल्या शिष्याला त्या हांकून न्यावयास सांगतो. साहजिकच मंडळी खवळतात आणि एकामागून एक त्याला प्रश्न घालूं लागतात. त्यांत जारत्कारव आर्तभाग नांवाचा एक आहे. मेलेल्या माणसाची वाणी, प्राण, दृष्टि, मन हीं सारीं विश्वांतील आपापल्या मूळ स्थानीं परत गेलीं आणि शरीर मातीला मिळालें, तर माणूस म्हणून उरतो कोण आणि कोठें, असा त्याचा प्रश्न आहे.

इतर सर्वांना भर सभेंत सडेतोड उत्तरें देणारा याज्ञवल्क्य येथें मात्र तसें करीत नाहीं. तो आर्तभागाचा हात मागून घेतो. हें चारचौघांत बोलण्याजोगें नाहीं असें सांगून त्याला बाजूला नेतो. आणि दोघेच जण बोलतात. उपनिषद् त्यांचें संभाषण सविस्तर देत नाहीं. ते कर्माविषयीं बोलले, पुण्यकर्मानें माणूस पुण्यवान् होतो व पापकर्मानें पापी होतो असें ठरलें, आणि आर्तभाग गप्प झाला, इतकेंच सांगून तें प्रकरण मिटवतें. विद्यार्थिदशेंत मीं हा भाग वाचला तेव्हां हा गुप्तविद्येचा बडेजाव आहे, असें समजून पुढें गेलों होतों. त्या समाचाराच्या दिवसानंतर तो पुन्हां वाचला. कर्माचा उपदेश उपनिषदांत येतो, तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाला, त्याच्या स्वतःच्या प्रश्नाचें उत्तर म्हणून, आणि हात हातांत घेऊन. विजयाच्या आणि हजार गाईंच्या त्या सभेंत याज्ञवल्क्यानें एवढी एकच गोष्ट मोठ्यानें बोलण्याचें टाळलें.

ही नाजूक मर्यादा फार दिवस टिकली नाहीं. याच सुमारास पंचाग्निविद्या म्हणून एक उपदेश प्रचलित होता. पांचाल देशाचा राजा प्रवाहण जैवलि यानें तो श्वेतकेतूच्या बापाला, म्हणजे उद्दालक आरुणीला सांगितला. जीव चंद्रलोकापर्यंत जाऊन पर्जन्याच्या वाटेनें परत येतो, धान्यांत शिरतो आणि पुन्हां जन्म घेतो, असें त्यांत वर्णन आहे. ही विद्या आजवर ब्राह्मणांजवळ नव्हती, असेंहि राजा बजावून सांगतो. हा उपदेशहि दोन ठिकाणीं आला आहे, बृहदारण्यकांत आणि छांदोग्यांत. छांदोग्याच्या पाठांत एक जादा भाग आहे. चांगल्या आचरणाचे लोक ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य अशा योनींत जन्मतात आणि वाईट आचरणाचे कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ यांच्या योनींत, असें त्यांत म्हटलें आहे. बृहदारण्यकाच्या पाठांत हें नाहीं.

ही भर लहान दिसते, पण तिचा परिणाम लहान नव्हता. आतां दुसऱ्याचें कर्म त्याच्या जन्मावरून वाचतां येऊं लागलें. त्याला कांहीं विचारण्याचें कारण उरलें नाहीं, मग हात धरण्याचें कोठून उरणार? शिवाय वाचणाराची एक सोय झाली. शेजारच्या घरांतील मरणाला कारण सांपडलें म्हणजे आपल्या घरावरचें सावट तेवढा वेळ दूर गेल्यासारखें वाटतें. तसें कारण आपल्यापाशीं नाहीं, असें मानण्यांत मीपणाला मोठें सुख आहे. ते वृद्ध गृहस्थ त्या दिवशीं नकळत स्वतःचेंच सांत्वन करीत होते, असा माझा तर्क आहे. आणि खरें सांगावयाचें तर त्यांचें वाक्य ऐकून मलाहि क्षणभर बरें वाटलें होतें.

या मीपणाची चिकित्सा आपल्या शास्त्रकारांनीं केली नाहीं असें नव्हे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत कर्में प्रकृतीच्या गुणांनीं होत असतां अहंकारामुळें माणूस स्वतःला कर्ता समजतो, असा विचार आहे. जो कर्ता तोच भोक्ता, आणि मरणारहि तोच. पतंजलीनें योगसूत्रांत पांच क्लेश सांगितले, त्यांत अविद्या पहिली, 'मी आहें' ही अस्मिता दुसरी, पुढें राग आणि द्वेष, आणि अगदीं शेवटीं अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणारें मरणाचें भय. हें भय विद्वानांनाहि सोडत नाहीं, असें तो स्पष्ट म्हणतो. त्याच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला नेहमींच आदर वाटत आला आहे. व्यासभाष्यांत यावर एक युक्तिवाद येतो. नुकताच जन्मलेला किडाहि मरणाला भितो. या जन्मांत तर त्यानें मरण पाहिलेलें नाहीं, तेव्हां तें त्यानें पूर्वीं कधीं तरी अनुभवलें असलें पाहिजे. विचारचक्र येथें पुरें फिरलेलें दिसतें. मरणाच्या भयानें ज्या कल्पनेला चालना दिली, त्याच कल्पनेचा पुरावा म्हणून आतां तें भय पुढें आलें. गौतम बुद्धानें कर्म ठेवून नित्य आत्मा नाकारला आणि चार्वाकांनीं दोन्ही नाकारलीं, त्यामुळें या युक्तिवादांना धार चढली; पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

वेदांतानें पुढें कर्माचे संचित, क्रियमाण आणि प्रारब्ध असे विभाग केले. ज्ञानानें सांठलेलें कर्म जळतें, पण ज्या कर्मानें हा देह सुरू झाला तें भोगूनच संपतें. याला शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत दिला आहे. हात काढून घेतला तरी चाक कांहीं वेळ फिरत राहतें. घरोघरीं ऐकूं येणारा 'प्रारब्ध' हा शब्द मूळचा ज्ञानी पुरुषाच्या देहाबद्दलच्या शंकेशीं जोडलेला आहे, हें आपण विसरून गेलों.

आपल्या महाराष्ट्रांत या शब्दाचें ओझें कोणाच्या माथीं आलें, हें पाहावयाचें तर मंगळवेढ्याला जावें लागेल. चौदाव्या शतकांत तेथें चोखामेळा राहत होता. त्याच्या नांवावरील अभंगांत दोन सूर ऐकूं येतात. एकांत हा हीन मानलेला जन्म आपल्याच पूर्वींच्या दोषाचें फळ आहे, असें तो पदरीं घेतो; दुसऱ्यांत, विटाळापासून सुटलेला असा जगांत आहे तरी कोण, असा तो प्रश्न करतो. त्याच्या मुलाचें नांव कर्ममेळा. तो बापाप्रमाणें दोष आपल्याकडे घेत नाहीं; असा जन्म दिल्याचा जाब तो सरळ विठ्ठलालाच विचारतो. चोखोबा १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाच्या कामावर असतांना कूस कोसळून गेला. नामदेवांनीं त्याच्या अस्थि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधि दिली, असें परंपरा सांगते. त्या द्वारांतून त्याच्या जातीच्या माणसांना आंत जाण्यास १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठींहि साने गुरुजींना उपोषण करावें लागलें. सहाशें वर्षें एक समाज पायरीबाहेर उभा राहिला, आणि त्याचें कारण त्याच्याच मागल्या जन्मांत आहे, असें त्याला ऐकवलें गेलें.

याज्ञवल्क्यानें धरलेल्या हाताची आठवण मला अलीकडच्या काळांतील एका चरित्रांत पुन्हां झाली. तें चरित्र तामिळ देशांतील रमण महर्षींचें. त्यांचें मूळ नांव वेंकटरामन, जन्म १८७९ सालचा. बारा वर्षांचे असतांना, १८९२ सालीं वडील वारले, आणि मुलगा मदुरेस चुलत्याकडे राहून इंग्रजी शाळेंत शिकूं लागला. १८९६ च्या उन्हाळ्यानंतर एके दिवशीं, प्रकृति उत्तम असतांना, आपण आतां मरणार असें एकाएकीं प्रबळ भय त्याच्या मनांत शिरलें. त्यानें कोणाला हांक मारली नाहीं. तो जमिनीवर आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ मिटून श्वास आंवरला आणि आपण प्रेत झालों आहों असें धरून चालला. हा देह उचलून नेतील व जाळतील, पण त्याबरोबर 'मी' जळतो काय, हें त्यानें स्वतःशीं तपासून पाहिलें. तें भय गेलें तें पुन्हां आलें नाहीं, असें ते पुढें सांगत. ही हकीकत आपणांस मुख्यतः १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या नरसिंहस्वामींच्या चरित्रामुळें ठाऊक आहे. म्हणजे घटना आणि लेखन यांत पस्तीस वर्षांचें अंतर आहे, हें अभ्यासकानें ध्यानांत ठेवावें. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. मागल्या जन्मीं काय केलें याची विचारपूस त्या सोळा वर्षांच्या मुलानें केलीच नाहीं. त्यानें नचिकेताच्या तिसऱ्या वरालाच हात घातला.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं तो घर सोडून तिरुवण्णामलईस गेला. १८९८ च्या डिसेंबरांत आई अळगम्माळ त्याला परत न्यावयास आली. ती कित्येक दिवस रडली, विनवूं लागली. त्याचें मौन सुटेना. शेवटीं लोकांनीं भीड घातली तेव्हां त्यानें एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. ज्याच्या त्याच्या प्रारब्धाप्रमाणें ईश्वर घडवतो, प्रयत्नानें तें टळत नाहीं, तेव्हां गप्प राहणें बरें, असा त्यांचा आशय. आई एकटी परत गेली. महर्षींच्या भक्तांना ही चिठी फार प्रिय आहे. मला ती आवडत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. मजकूर खोल असेल, पण तो रडणाऱ्या आईच्या हातीं पडला, आणि मला त्यांत समाचारांतील त्या गृहस्थांचाच आवाज ऐकूं येतो.

महर्षींचें स्वतःचें मरण पुष्कळांनीं पाहिलें. डाव्या हातावरील दुर्धर गांठीवर चार वेळां शस्त्रक्रिया झाली, हात काढून टाकण्याचा सल्ला त्यांनीं मानला नाहीं, आणि १४ एप्रिल १९५० रोजीं त्यांचा देह पडला. त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९ मे १९२२ चा दिवस.

अळगम्माळ १९१६ पासून मुलापाशींच डोंगरावर राहत होती. संन्याशांच्या त्या बिऱ्हाडांत स्वयंपाकाचें काम तिनें आपल्याकडे घेतलें होतें. त्या दिवशीं तिचा अंतकाळ जवळ आला. रमण सकाळपासून तिच्या बाजूला बसले. उजवा हात त्यांनीं तिच्या हृदयावर ठेवला होता आणि डावा मस्तकावर. पुढील जन्मांना कारण होणारे संस्कार त्या घटकांत एकामागून एक तिच्या मनासमोर उभे राहत होते आणि तेथेंच संपत होते, असें त्यांनीं मागाहून सांगितलें. याची शहानिशा इतिहासानें कशी करावी? एवढें मात्र खरें कीं चोवीस वर्षांपूर्वीं जें कर्म त्यांनीं कागदावर लिहून तिच्या हातीं दिलें होतें, त्याविषयीं त्या दिवशीं त्यांनीं तिला एक शब्दहि ऐकवला नाहीं. रात्रीं आठच्या सुमारास तिचा प्राण गेला. हात त्यानंतरहि कांहीं वेळ तसेच होते. मग ते उठले, सुतक वगैरे कांहीं नाहीं असें मंडळींना म्हणाले, आणि दिवसभर उपाशी असलेल्या सर्वांना बरोबर घेऊन जेवावयास बसले.